दोन वेगळे १७ टक्के: कोविड आणि स्वादुपिंडाच्या दाहावरचं संशोधन वाचताना

कोविडमुळे स्वादुपिंडाचा दाह होतो का, या प्रश्नावर २०२० पासून इतकं छापून आलंय की नव्याने वाचणाऱ्याला वाटावं, प्रश्न कधीच सुटला आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर 'कोविड आणि अमुक अवयव' अशा धाटणीचे पेपर तुमच्यासमोर ढिगाने येणार. म्हणून आज एक ढीग घेऊ आणि त्यातले चार-पाच पेपर जरा नीट उलगडून बघू. माझं मत आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला वाचताना वाद घालता येईल: कोविडमुळे हा आजार *होतो*, हे या पेपरांनी दाखवलेलं नाही. हा आजार असताना कोविडही असेल तर रुग्णाची अवस्था जास्त बिघडते, हे बऱ्यापैकी दाखवलं आहे. ही दोन विधानं वेगळी आहेत, आणि पुढच्या लेखनात ती सर्रास एकमेकांत मिसळली आहेत.

आधी शब्दांचं बघू, कारण मराठीत इथेच पहिला घोटाळा होतो. 'अॅक्यूट पॅनक्रियाटायटिस'ला आपण 'स्वादुपिंडाचा तीव्र दाह' म्हणतो. पण 'तीव्र' ऐकलं की आपल्या मनात 'गंभीर' येतं. अॅक्यूटचा अर्थ तो नाही. अॅक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेला, थोड्या दिवसांचा. असा दाह सौम्यही असू शकतो, आणि बहुतेकांचा सौम्यच असतो. गंभीर, म्हणजे 'सिव्हिअर', ही त्याच्या आतली वेगळी पायरी आहे. हा फरक लक्षात ठेवा, शेवटच्या पेपरला तो लागणार आहे.

स्वादुपिंड अन्न पचवणारी विकरं तयार करतं. ती आतड्यात पोचल्यावर जागी व्हायला हवीत. काही कारणाने ती स्वादुपिंडातच जागी झाली, की ते स्वतःलाच पचवायला लागतं. दोन मोठी कारणं सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहेत, पित्ताशयातले खडे आणि दारू. त्यामागून रक्तातली खूप वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, काही औषधं, एंडोस्कोपीच्या काही प्रक्रिया, जनुकीय दोष. आणि हो, विषाणूसुद्धा. गालगुंडाचा विषाणू आणि कॉक्सॅकी बी ही त्यातली माहितीची नावं. म्हणजे विषाणूने असा दाह होऊ शकतो हे काही अशक्य कोटीतलं नाही. प्रश्न *या* विषाणूचा आहे.

निदान कसं करतात? २०१२ च्या सुधारित अटलांटा निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: ठरावीक प्रकारची पोटदुखी, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफीत दिसणारा बदल. नुसतं लायपेज वाढलं म्हणजे निदान झालं असं नाही. अगदी तिप्पट वाढलं तरी नाही.

आता पहिला पेपर. २०२० मध्ये 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या नियतकालिकात वुहानहून एक छोटा अहवाल आला. कोविड न्यूमोनियाचे ५२ रुग्ण, त्यातल्या ९ जणांमध्ये 'स्वादुपिंडाला इजा'. ९ भागिले ५२, म्हणजे १७ टक्के. हा आकडा नंतर सगळीकडे फिरला. पण त्या पेपरातली 'इजा'ची व्याख्या काय होती? अमायलेज किंवा लायपेज यांपैकी काहीही सामान्यपेक्षा वर. तिप्पट नव्हे, नुसतं वर. पोटदुखीची अट नाही, सीटीची अट नाही. लेखकांनी 'इजा' हा शब्द वापरला होता, 'दाह' नव्हे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. साथीच्या पहिल्या महिन्यांत, रोज माणसं मरत असताना, जे दिसलं ते त्यांनी कळवलं. चूक पुढे झाली. त्यांना उद्धृत करणाऱ्यांपैकी अनेकांनी 'इजा' उचलली आणि खाली ठेवताना 'दाह' करून ठेवली. मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या रिव्ह्यूमधून आकडा घेतला की असंच होतं.

त्याच नियतकालिकात एन्रिके दे-मादारिया आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. त्या पत्राच्या शीर्षकाचा भावार्थ असा, की एवढ्यात स्वादुपिंडाला दोष देऊ नका. माझ्या मते हे पत्र मूळ अहवालाबरोबरच वाचायला हवं, नव्हे, सक्तीचं करायला हवं. त्यांचा मुद्दा साधा आहे: ही विकरं फक्त स्वादुपिंडातूनच येत नाहीत आणि फक्त त्याच्या दुखण्यानेच वाढत नाहीत. अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर दोन्ही विकरं रक्तात साचतात. आतड्याचा दाह, मधुमेहातला कीटोॲसिडोसिस, यांतही ती वाढतात. आता कोविडचा गंभीर रुग्ण डोळ्यांसमोर आणा. जुलाब आहेत, मूत्रपिंडावर ताण आहे, रक्तदाब खाली गेलाय. त्याचं लायपेज थोडं वर गेलं तर बोट कुणाकडे दाखवायचं?

अमेरिकेतल्या एका गटाने नंतर ७१ रुग्णांचं लायपेज तपासलं. ९ जणांचं वाढलेलं होतं, तिपटीपलीकडे गेलेले फक्त दोघं, आणि दाहाचं निदान झालेला एकही नाही. लहान नमुना आहे, मान्य. पण वुहानच्या ५२ पेक्षा लहान नाही! तरी सतरा टक्के जितका फिरला, तितका हा शून्य फिरला नाही. शून्याला बातमीमूल्य नसतं.

आता दुसरे सतरा टक्के.

न्यू यॉर्कच्या नॉर्थवेल हेल्थ या रुग्णालयसमूहाचा अभ्यास, हाही २०२० चाच. १ मार्च ते १ जून या काळात भरती झालेले ४८,०१२ रुग्ण. त्यातले ११,८८३ कोविडबाधित. दाहाचे निकष पूर्ण करणारे एकूण १८९, आणि त्यातले कोविडबाधित ३२. ३२ भागिले १८९ किती येतात? करून बघा. १७ टक्के.

म्हणजे एका पेपरात 'कोविडच्या रुग्णांपैकी १७ टक्क्यांची विकरं वाढलेली', दुसऱ्यात 'दाहाच्या रुग्णांपैकी १७ टक्के कोविडबाधित'. अंश वेगळा, छेद वेगळा, प्रश्नच वेगळा. योगायोगाने आकडा एकच. घाईत टिपणं काढणाऱ्याला वाटेल की दोन स्वतंत्र अभ्यासांनी एकमेकांना दुजोरा दिला! शाळेत अंश-छेद शिकवताना बाई फळ्यावर जे वर्तुळ कापून दाखवायच्या, ते इथे उपयोगी पडतं. आधी विचारा, कुठल्या वर्तुळाचा तुकडा?

वुहानच्या प्रश्नाशी तुलना करायची तर नॉर्थवेलमध्ये कोविडबाधितांचा छेद घ्यावा लागेल. ३२ भागिले ११,८८३, म्हणजे ०.२७ टक्के. १७ टक्क्यांवरून पाव टक्क्यावर आलो, आणि मधल्या काळात विषाणू बदललेला नाही. मुख्यतः व्याख्या बदलली.

अजून एक पाऊल पुढे जाऊ. कोविड नसलेले ३६,१२९ रुग्ण होते आणि त्यांत दाहाचे १५७. हे येतात ०.४३ टक्के. म्हणजे कोविड नसलेल्यांमध्ये प्रमाण *जास्त*! मग कोविड स्वादुपिंडाचं रक्षण करतो असं म्हणायचं का?

नाही. आणि का नाही, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. तोंडी परीक्षेत असे प्रश्न येतात. रुग्णालयात भरती होण्याचं कारण दोन गटांत सारखं नाही. २०२० च्या वसंतात न्यू यॉर्कमध्ये कोविडबाधित माणूस भरती झाला तो बहुतांशी श्वास लागला म्हणून. कोविड नसलेला माणूस भरती झाला तो कुठलं तरी दुसरं, टाळता न येणारं दुखणं घेऊन, आणि असह्य पोटदुखी हे त्यातलंच एक. म्हणजे दुसऱ्या गटात पोटदुखीवाले मुळातच जास्त असणार. फक्त भरती झालेल्यांकडे बघितलं की भरती होण्याची कारणंच संबंध घडवतात किंवा पुसतात. याला बर्कसनचा पूर्वग्रह म्हणतात, आणि तो दोन्ही दिशांनी फसवू शकतो. म्हणून ०.४३ आणि ०.२७ यांची वजाबाकी करून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही, ना इकडचा ना तिकडचा.

या अभ्यासातला मला खरा महत्त्वाचा वाटणारा आकडा तिसराच आहे. कोविडबाधितांच्या दाहात ६९ टक्के वेळा कारण सापडलं नाही. कोविड नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. कोविडच्या बाजूने असलेला सगळ्यात सबळ पुरावा हाच. खडे नाहीत, दारू नाही, मग उरला कोण? विषाणू.

युक्तिवाद आकर्षक आहे. पण 'कारण सापडलं नाही' याचे दोन अर्थ होतात: शोधलं आणि नव्हतं, किंवा शोधलंच नाही. ते महिने आठवा. संसर्ग पसरू नये म्हणून रुग्णाला सोनोग्राफीच्या खोलीत नेणंसुद्धा टाळलं जात होतं, एंडोस्कोपी निकडीपुरती उरली होती, व्हेंटिलेटरवरचा माणूस 'दारू किती घेता' याचं उत्तर देऊ शकत नव्हता आणि नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. बारीक खडे तर पहिल्या सोनोग्राफीत निसटतातच, ते एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये दिसतात. म्हणून कोविड वॉर्डात 'कारण सापडलं नाही' हा शेरा जास्त वेळा पडला, तर त्यात विषाणूचा वाटा किती आणि कमी तपासण्यांचा किती, हे या आकड्यावरून वेगळं करता येत नाही.

हा काथ्याकूट नुसता पद्धतिशास्त्राचा नाही. समजा एखाद्या बाईला कोविडमध्ये असा दाह झाला, कागदावर 'कोविडमुळे' असं लिहून तिला घरी सोडलं, आणि खरं कारण बारीक खडे होतं. कोविड बरा झाला, पण खडे तिथेच आहेत. खड्यांमुळे झालेल्या दाहात पित्ताशय काढून टाकतात, कारण ते तसंच ठेवलं तर दाह परत येण्याचा धोका मोठा असतो, आणि परत आलेला दाह सौम्यच असेल याची हमी कुणी देत नाही. 'कोविडमुळे' हे उत्तर लिहिलं की पुढचा शोध थांबतो. एखाद्या पेपरातला शिथिल शब्द केस पेपरवर उतरला की त्याची किंमत अशी वसूल होते.

यात औषधांचाही भाग आहे, थोडक्यात सांगते. साथीच्या सुरुवातीला लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर दिलं जात होतं, त्याने ट्रायग्लिसराइड्स वाढतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला झोपवायला प्रोपोफॉल देतात, त्यानेही वाढतात. टोसिलिझुमॅबचंही तेच. आणि ट्रायग्लिसराइड्स फार वाढली की दाह होतो, हे आपण वर बघितलंच. 'कोविडच्या रुग्णाला दाह झाला' या वाक्यात कोविड, कोविडचे उपचार आणि रक्तदाब कोसळल्याने स्वादुपिंडाला न मिळालेलं रक्त, असे तिघं संशयित एकाच खोलीत बसलेले असतात.

केस रिपोर्टांबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्हाला सर्वांत जास्त तेच भेटतील. डेन्मार्कचा एक रिपोर्ट फार उद्धृत होतो: एकाच कुटुंबातले तिघं कोविडने गंभीर आजारी, त्यातल्या दोघांना स्वादुपिंडाचा दाह. वाचताना अंगावर येतो. पण कुटुंब म्हणजे काय काय सारखं असणं? विषाणू तर सारखा आहेच, शिवाय जनुकं, खाणंपिणं, वजनाची ठेवण, खडे होण्याची प्रवृत्ती हेही सारखं असू शकतं. या रचनेतून त्यातलं एक कारण वेगळं काढताच येत नाही. मी केस रिपोर्टांना कमी लेखत नाही. नव्या आजारात पहिली घंटा तेच वाजवतात. पण पन्नास घंटा वाजल्या म्हणजे आग सिद्ध झाली असं नाही. दाह आणि कोविड दोन्ही आहेत असा रुग्ण छापला जातो. दाह आहे पण कोविड नाही, तो कोण छापणार? आणि छापणार तरी कुठे?

प्रयोगशाळेतला पुरावा त्यामानाने नेटका आहे. सुरुवातीला एवढंच म्हटलं गेलं की विषाणू ज्या एसीई-२ या दारातून पेशीत शिरतो ते दार स्वादुपिंडातही आहे. २०२० मध्ये 'सेल मेटाबॉलिझम'मध्ये आलेल्या कामाने हे जरा बारकाईने सांगितलं: दार आहे, पण मुख्यतः सूक्ष्म रक्तवाहिन्यांत आणि नलिकांत. २०२१ मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम'मधल्या एका गटाने दाखवलं की मानवी स्वादुपिंडाच्या पेशींमध्ये विषाणू शिरतो आणि वाढतोही. हे चांगलं काम आहे आणि त्याने 'होऊ शकतं' हे नक्की होतं. मात्र 'होऊ शकतं' ते 'होतं' हे अंतर मोठं आहे. घराला दार आहे म्हणून चोरी झाली असं पोलीसही लिहीत नाहीत. शवविच्छेदनातल्या पुराव्याबाबत एक व्यावहारिक अडचणही आहे: मृत्यूनंतर स्वादुपिंड स्वतःच्याच विकरांनी फार लवकर विरघळायला लागतं, त्यामुळे उतींतली कुठली मोडतोड आधीची आणि कुठली नंतरची हे सांगणं अवघड जातं.

शेवटचा पेपर या ढिगातला सर्वांत उपयोगी. 'गट'मध्ये २०२१ साली आलेला कोविड-पॅन हा अनेक देशांतला अभ्यास. यांनी प्रश्नच उलटा केला. कोविडवाल्यांत दाह किती, हे न विचारता दाहवाले घेतले, १,७७७ जण, आणि त्यातल्या कोविडबाधित १४९ जणांचं पुढे काय झालं ते बघितलं. ३० दिवसांतले मृत्यू: कोविडबाधितांत १४.७ टक्के, इतरांत २.६ टक्के. थेट तुलनेत ऑड्स रेशो ६.५६. मग वय वगैरे गोष्टींचा हिशेब धरून तोच काढला तर २.४१. या दोन आकड्यांमधली दरी नीट बघा. कोविडबाधित रुग्ण वयाने मोठे होते, त्यांत पुरुष जास्त होते. ६.५६ मधला बराच भाग अशा मुळातल्या फरकांचा निघाला. तरीही हिशेबानंतर काही शिल्लक राहतं, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. कुणी तुम्हाला फक्त ६.५६ सांगितला तर पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे आता तुम्हाला माहीत आहे.

पण याच पेपरात ती सुरुवातीची 'तीव्र' आणि 'गंभीर'वाली खोच येते. अटलांटा निकषांत दाह 'गंभीर' कधी ठरतो? एखादा अवयव ४८ तासांहून जास्त काळ निकामी राहिला तर. त्या अवयवांच्या यादीत फुप्फुसं आहेत. आता कोविडने फुप्फुसं निकामी झालेल्या माणसाला अगदी सौम्य दाह झाला, तरी व्याख्येप्रमाणे त्याचा दाह 'गंभीर' गटात जाऊन बसतो. स्वादुपिंडाने त्यासाठी काहीच केलेलं नसतं. म्हणून 'कोविडमुळे दाह अधिक गंभीर होतो' हे वाक्य मला खटकतं. 'दाह आणि कोविड दोन्ही असलेल्यांची अवस्था अधिक गंभीर होते' इतकं म्हणा, त्याला आकड्यांचा आधार आहे.

योगायोग नाही, दे-मादारिया यांनीच गाब्रिएले कापुर्सो यांच्यासोबत २०२१ मध्ये कार्यकारणसंबंधाची वेगळी टिपणी लिहिली. ती छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते.

मग पटण्यासारखा पुरावा कसा दिसेल? एक रचना सुचवते, कारण नुसती टीका करून तुमची सिनॉप्सिस लिहून होणार नाही. माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्याशीच करायची. कोविड झाल्यानंतरच्या काही आठवड्यांत त्याला दाह होण्याचा दर किती, आणि त्याच माणसाच्या इतर काळात किती? यात जनुकं, दारू, वजन, खडे होण्याची प्रवृत्ती असं सगळं आपोआप कापलं जातं, कारण माणूस एकच आहे. स्वीडनमध्ये देशभरच्या नोंदी वापरून हृदयविकाराच्या झटक्याबाबत हे केलं गेलं, 'लॅन्सेट'मध्ये २०२१ साली आलं. त्यातला एक तपशील या विषयाला थेट लागू पडतो. कोविड सुरू झाल्याचा दिवस धरला तर पहिल्या आठवड्यातला धोका ८.४४ पट आला, तो दिवस वगळला तर २.८९ पट. एका दिवसाने एवढा फरक का? कारण झटका आला म्हणून रुग्णालयात गेलेल्या माणसाची तिथेच कोविड चाचणी होते आणि दोन्ही नोंदी एकाच तारखेला पडतात. पोटदुखीने आलेल्याचीही तशीच चाचणी होत होती. दारातच.

म्हणजे दाहासाठी ही रचना घेतली, तर दिवस शून्याचं काय करायचं हे आकडे हातात येण्याआधीच लिहून ठेवावं लागेल. आणि नोंदींमध्ये निदानाचा कोड असतो, लायपेज किती पट होतं ते बहुधा नसतं. त्यामुळे निदान थोड्या केस पेपरांवर तरी पडताळून बघावं लागेल, नाहीतर वुहानच्या 'इजा'पाशीच परत येऊ. शिवाय नॉर्थवेलच्या त्या ३२ पैकी ६९ टक्के, म्हणजे साधारण २२ जण, ज्यांच्या दाहाचं कारण सापडलं नव्हतं, तशा रुग्णांना वर्ष-दोन वर्षांनी बोलावून नीट सोनोग्राफी, गरज पडल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स आणि कॅल्शियम, एवढं केलं तरी पुष्कळ कळेल. याला मोठा निधी लागत नाही. एखाद्या मेडिकल कॉलेजातल्या २०२०-२१ च्या भरतीच्या नोंदी, एथिक्स कमिटीची परवानगी आणि फोन उचलणारे रुग्ण, एवढं लागेल.